शरीराचे स्वतःशी वैर: परळच्या प्रयोगशाळांचा इतिहास

परळच्या आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय, वाडिया रुग्णालये आणि टाटा मेमोरियल एकमेकांपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर उभी आहेत. गिरणीच्या भोंग्यावर ज्या परळ-लालबागचा दिवस चालायचा, तिथेच सव्वाशे वर्षांत माणसाच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास रुजला. त्याची सुरुवात साथीच्या रोगांपासून झाली, आणि बाहेरच्या जंतूशी शरीर कसे लढते हा पहिला प्रश्न होता. त्या कामातूनच अधिक अवघड प्रश्न पुढे आला: हीच शक्ती कधी कधी स्वतःच्याच शरीरावर का उलटते? ल्युपस, आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिस, रक्तपेशी फुटून होणारा एक प्रकारचा पंडुरोग हे सारे ऑटोइम्यून आजार याच प्रश्नाची रूपे आहेत. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग अलीकडच्या दशकांत आरएनएच्या अशा छोट्या रेणूंमध्ये सापडला, जे स्वतः कोणतेही प्रथिन घडवत नाहीत. हे शोध बहुतांशी परदेशांत लागले. पण ज्या आजारांवरून आणि ज्या चाचण्यांच्या आधारे ते लागले, त्यांचा परळशी संबंध जुना आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि मुंबईची झोप उडाली. गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेले. कलकत्त्यात पटकीच्या लशीवर काम केलेले वाल्डेमार हाफकिन यांना सरकारने मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. मूळच्या पोर्तुगीज ख्रिस्ती मठाच्या या वास्तूत पुढे गव्हर्नर राहू लागले होते. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे पटकीने मृत्यू झाला आणि नंतर गव्हर्नरांचे राहणे तिथून हलले. रोगाने रिकाम्या केलेल्या त्या वास्तूत रोगाविरुद्धची लस तयार होऊ लागली. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले, आणि तोवर प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा तिथून बाहेर पडल्या होत्या.

लस म्हणजे शरीराला शत्रूची आधीच करून दिलेली ओळख. त्या काळात ही ओळख नेमकी कुठे साठते हे कोणाला ठाऊक नव्हते. शरीर स्वतःवर चाल करून जाऊ शकते ही कल्पना तर जाणकारांना अमान्यच होती. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले, की शरीर स्वतःविरुद्ध विष घडवणे टाळतेच, आणि निसर्गाला त्याचा जणू तिटकारा आहे. एर्लिख यांचा दबदबा एवढा होता, की १९०४ मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीत स्वतःच्या तांबड्या पेशी फोडणारे प्रतिपिंड (अँटीबॉडी) दाखवूनही पुढची जवळजवळ पन्नास वर्षे हा विषय बाजूलाच राहिला.

एर्लिख यांचे मत चूक आहे याचा पुरावा भारतातल्या दवाखान्यांत रोज साठत होता. तो पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीतून येत होता. डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे एक पद्धत बसवली: रेबीजच्या विषाणूची लागण मेंढीला करायची, तिचा मेंदू वाटून घ्यायचा आणि त्यातला विषाणू फिनॉलने मारायचा. हाफकिनसह देशातल्या अनेक संस्थांत ही लस तयार होई. पोटावर घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात घर करून होती, ती याच लशीची. ती स्वस्त होती आणि देशातच करता येत होती. तिने असंख्य लोकांना एका खात्रीच्या मृत्यूपासून वाचवले, हे आधी सांगितले पाहिजे. पण ती घेतलेल्यांपैकी काहींना, काही अभ्यासांत हजारांत एकाला तर काहींत शेकड्यांत एकाला, इंजेक्शने चालू असताना किंवा संपल्यावर पायांतली शक्ती जाणे, लघवी अडणे, ग्लानी येणे असा त्रास सुरू होई. काही जण त्यातून बरे होत, काही अपंग होत आणि काही दगावत.

कारण लशीतच होते. विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूतले मायलिनही शरीरात जात होते. मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचे स्निग्ध आवरण, आणि त्यातली प्रथिने मेंढीत आणि माणसात बरीच सारखी असतात. वारंवार टोचल्यामुळे प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांना शत्रू समजू लागे आणि मग रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूवर व मज्जारज्जूवर चाल करून जाई. न्यूयॉर्कमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये माकडांना विषाणू नसलेला, निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचून हाच आजार घडवून दाखवला. १९८७ मध्ये थायलंडमधल्या रुग्णांच्या अभ्यासात मायलिनच्या मूलभूत प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड थेट सापडले. भारतात या लशीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि पेशीसंवर्धनातून तयार होणाऱ्या लशींनी तिची जागा घेतली. ते इतक्या उशिरा थांबले याची किंमत मुख्यतः सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांतल्या गरीब रुग्णांनी मोजली. रिव्हर्स यांचा प्रयोग मात्र संशोधनाला कायमचे एक साधन देऊन गेला. उंदरांना मायलिनचे प्रथिन टोचून मेंदूचा ऑटोइम्यून दाह घडवायचा आणि त्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा अभ्यास करायचा, ही रीत आज जगभर रूढ आहे. छोट्या आरएनएची गोष्ट पुढे याच उंदरांपाशी येते.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तोवर वेगळे काम सुरू झाले होते. गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी दिलेल्या देणगीची अट होती, की शिक्षक भारतीय असावेत. त्या देणगीतून १९२५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि १९२६ मध्ये महापालिकेचे केईएम रुग्णालय सुरू झाले. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली राहण्याला दिलेले ते उत्तर होते, आणि या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतूनच रक्तशास्त्रातला मुंबईचा सर्वांत प्रसिद्ध शोध पुढे आला. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. ए, बी, एबी, ओ यांपैकी कोणाचेही रक्त या गटाच्या माणसाला चालत नाही, कारण ओ गटातही असणारा एच हा घटक त्याच्या तांबड्या पेशींवर नसतो आणि त्या घटकाविरुद्धचे प्रतिपिंड त्याच्या रक्तात जन्मजात सिद्ध असतात. मुंबईत साधारण दहा हजारांत एकाचा असणारा हा गट जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो.

बॉम्बे रक्तगट हा ऑटोइम्यून आजार नाही. त्या माणसाचे प्रतिपिंड त्याच्या स्वतःच्या पेशींना हात लावत नाहीत. पण परका कोण आणि आपला कोण हे प्रतिकारशक्ती किती बारकाईने ठरवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. 'लॅन्सेट'मधल्या त्या लेखाच्या सहलेखकांत रॉबर्ट रेस हे नाव आहे. रेस यांनी १९४५ मध्ये रॉबिन कूंब्ज आणि आर्थर मूरंट यांच्याबरोबर एक साधी चाचणी बसवली होती. तांबड्या पेशींवर चिकटून बसलेले, पण एरवी डोळ्यांना न दिसणारे प्रतिपिंड या चाचणीत पेशींच्या गुठळ्या होऊन दिसतात. पुढच्याच वर्षी ही चाचणी विशिष्ट प्रकारच्या काविळीच्या रुग्णांवर वापरली गेली आणि त्यांच्या पेशींवर त्यांचेच प्रतिपिंड असल्याचे कळले. एर्लिख यांच्या मताला रक्तपेढीच्या टेबलावर गेलेला हा पहिला ठोस तडा होता. कूंब्ज चाचणी आजही मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रोज होते.

१९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने परळलाच ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर स्थापन केले. देशभरातून न जुळणाऱ्या रक्ताचे नमुने इथे येऊ लागले. भाटिया पुढे त्याचे संचालक झाले, केंद्राची संस्था झाली आणि आज तीच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था, म्हणजे एनआयआयएच, केईएमच्या आवारात उंच इमारतीच्या तेराव्या मजल्यावर आहे. रक्तगटापासून हिमोफिलिया, सिकलसेल आणि जन्मजात प्रतिकारदौर्बल्यापर्यंत तिचे काम पसरले, आणि त्यात ऑटोइम्यून आजारांचाही विभाग आला. खालच्या वॉर्डातले ल्युपसचे रुग्ण आणि वर त्यांच्या सीरममधले प्रतिपिंड तपासणारे सूक्ष्मदर्शक, ही जवळीक संशोधनाला फार उपयोगी पडते. संशोधक आणि रुग्ण वेगवेगळ्या शहरांत असले की नमुना पोहोचतो, पण रुग्णाची हकिगत मागे राहते.

ल्युपसचा रुग्ण बहुधा तरुण स्त्री असते. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. गालांवर लालसर चट्टे, सांधेदुखी, सतत बारीक ताप, केस गळणे आणि पुढे लघवीतून प्रथिन जाणे, ही लक्षणे एकेक करून येतात, त्यामुळे निदानाला वेळ लागतो. या रुग्णांच्या सीरममध्ये स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंड असतात. पेशींवर सीरम टाकून वर चमकणारा रंग लावला की केंद्रक हिरवे उजळते. १९५७ च्या सुमारास रूढ झालेली ही अँटीन्यूक्लिअर अँटीबॉडी चाचणी, डॉक्टरांच्या बोलण्यातली 'एएनए', ल्युपसच्या निदानात आजही पहिली पायरी आहे.

हे प्रतिपिंड केंद्रकातल्या नेमक्या कशाला धरतात, याच्या शोधात छोटे आरएनए प्रथम ऑटोइम्यून आजारांच्या इतिहासात आले. १९६६ मध्ये ल्युपसच्या एका रुग्णाच्या नावावरून 'एसएम' हे प्रतिपिंड ओळखले गेले. १९७९ मध्ये येल विद्यापीठात मायकेल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी ल्युपसच्या रुग्णांचे असे सीरम गळासारखे वापरले आणि पेशीच्या अर्कातून प्रथिनांना बिलगलेले काही छोटे आरएनए बाहेर काढले. यू१, यू२ अशी नावे मिळालेले हे रेणू प्रथिन घडवत नाहीत. जनुकाच्या कच्च्या प्रतीतले नको ते तुकडे कापून उरलेले सांधण्याचे काम ते करतात. सांधण्याचे हे मूलभूत यंत्र समजायला आजारी माणसांचे रक्त उपयोगी पडले, ही वैद्यकाच्या इतिहासातली मोठी घटना आहे. पाठोपाठ 'रो' या प्रथिनाला बिलगलेले वाय आरएनए याच रीतीने सापडले. रो-विरोधी प्रतिपिंड असलेल्या आईच्या बाळाला कधी कधी जन्मतः हृदयाचे ठोके मंद असण्याचा विकार होतो, म्हणून ल्युपसच्या गरोदर रुग्णाची ही चाचणी आवर्जून केली जाते.

आज 'छोटे आरएनए' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतात ते मायक्रोआरएनए. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत पहिला मायक्रोआरएनए दाखवला. तेव्हा तो त्या कृमीपुरताच अपवाद समजला गेला. २००० मध्ये दुसरा सापडला आणि तो माणसासह असंख्य प्राण्यांत असल्याचे दिसले, तेव्हा चित्र पालटले. दोघांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. मायक्रोआरएनए साधारण २२ अक्षरांचा असतो. आधी लांब आरएनएची केसाच्या पिनेसारखी घडी पडते. केंद्रकात ड्रोशा आणि बाहेर आल्यावर डायसर ही विकरे ती कापतात. उरलेला तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो आणि ज्या संदेशवाहक आरएनएशी त्याची अक्षरे जुळतात त्याला गप्प करतो. जनुक तसेच राहते, पण त्याचे प्रथिन कमी बनते. एक मायक्रोआरएनए शेकडो संदेश थोडे थोडे दाबू शकतो, आणि प्रतिकारशक्तीत हे थोडेसेच निर्णायक ठरते. तिथे चेतवणारे आणि आवरणारे संदेश सतत एकमेकांना तोलून धरत असतात.

यातला आवर घालणारा रेणू म्हणजे मायक्रोआरएनए-१४६ए. जंतूची चाहूल लागली की पेशीत दाह पेटवणारी साखळी सुरू होते. तीच साखळी या रेणूची निर्मितीही वाढवते, आणि तो तिच्यातले दोन दुवे कापून तिला थंड करतो. २००६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवले. ज्या उंदरांत हा रेणू नसतो, त्यांत वय वाढता ऑटोइम्यून विकार दिसतो. २००९ मध्ये चीनमधल्या ल्युपसच्या रुग्णांत त्याचे प्रमाण कमी आढळले. आमवातात मात्र उलटे दिसले: सांध्याच्या सुजलेल्या अस्तरात तो वाढलेला, तरीही दाह चालूच. रक्तपेशींवरच्या अभ्यासांत असेही दिसले, की तो वाढूनही त्याचे लक्ष्य असलेली प्रथिने घटलेली नव्हती. रेणू असणे आणि त्याचे काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून कळले.

मायक्रोआरएनए-१५५ चे महत्त्व परळच्या इतिहासाच्या संदर्भात विशेष जाणवते. २००७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हा रेणू नसलेले उंदीर तयार केले. त्यांना दुबळ्या केलेल्या साल्मोनेला जंतूंची लस दिली, तरी पुढे खऱ्या जंतूंपासून त्यांना संरक्षण मिळाले नाही. लस लागू पडायला हा रेणू हवा. २०१० मध्ये बाल्टिमोर यांच्याच गटाने याच प्रकारच्या उंदरांना मायलिनचे प्रथिन टोचले, आणि त्यांना मेंदूचा ऑटोइम्यून दाह फारसा झाला नाही. आपल्याच मेंदूवर चाल करून जायलाही तोच रेणू लागतो. मांडवीच्या प्लेगमध्ये लोकांना वाचवणारी शक्ती आणि चौदा इंजेक्शनांनंतर काहींचे पाय लुळे करणारी शक्ती या दोन निराळ्या नाहीत. उंदरांत तरी त्यांची एक वाट या एकाच छोट्या रेणूतून जाते. म्हणूनच तो सरसकट बंद करणारे औषध करणे सोपे नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांत वाढलेला मायक्रोआरएनए-३२६ आणि लसीकापेशींत जास्त झाल्यास उंदरांना प्राणघातक ऑटोइम्यून आजार करणारा मायक्रोआरएनए-१७-९२ चा समूह, ही याच मालिकेतली आणखी दोन नावे.

प्रतिपिंडांचा रोख या यंत्रणेवरही येतो. २००२ मध्ये मज्जातंतूंचा विकार असलेल्या एका रुग्णाच्या सीरमने पेशीद्रवात काही ठिपके उजळले आणि जीडब्ल्यू-१८२ हे प्रथिन सापडले. मायक्रोआरएनएच्या कामात ते आर्गोनॉटचा साथीदार आहे हे नंतर कळले. २००६ मध्ये, ऑटोइम्यून रुग्णांत वर्षानुवर्षे 'सु' नावाने नोंदले जाणारे प्रतिपिंड आर्गोनॉटलाच धरतात हे सिद्ध झाले.

छोटे आरएनए दाह आवरतात, तसे ते स्वतः दाह पेटवूही शकतात. विषाणूंचे आरएनए ओळखण्यासाठी पेशींमध्ये टीएलआर-७ हा संवेदक असतो. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले यू१ आणि वाय आरएनए प्रतिपिंडांसह आत ओढले गेले, की हा संवेदक फसतो आणि विषाणू आल्यासारखा गजर करतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रियांच्या काही पेशींत दुसऱ्या एक्सवरची प्रतही चालू राहते, आणि ल्युपस स्त्रियांत अधिक असण्याचे हे एक कारण मानले जाते. २०२२ मध्ये एका मुलीत या जनुकातल्या एकाच बदलामुळे ल्युपस झाल्याचे दाखवले गेले. ल्युपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिली जाणारी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही हिवतापाची स्वस्त गोळी नेमका हा गजर दाबते. गोळी आधी आली आणि तिचे कारण पन्नासएक वर्षांनी कळले. पालिकेच्या बाह्यरुग्ण विभागातही ही गोळी मिळते.

मायक्रोआरएनएवर आधारित औषधांची वाट लांब आहे. मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या दाहासाठीचे ओबेफॅझिमॉड हे औषध मायक्रोआरएनए-१२४ वाढवते आणि ते अंतिम टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत पोहोचले आहे. निदानात अडचणी वेगळ्या आहेत. रक्तातले मायक्रोआरएनए वय, चालू औषधे, तापासारखी साधी बाब यांनीही बदलतात. सुई लावताना किंवा नमुना हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतला मायक्रोआरएनए-४५१ सीरममध्ये मिसळून सगळा हिशेब बिघडवतो. रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला नमुना कसा घ्यावा आणि किती वेळात वेगळा करावा याची जी शिस्त अंगवळणी पडलेली असते, तीच इथे निकालाचा खरेपणा ठरवते. परळसारख्या ठिकाणी ही शिस्त, रुग्णांची संख्या आणि त्यांची वर्षानुवर्षांची हकिगत एका आवारात आहे, आणि भारतीय रुग्णांतल्या छोट्या आरएनएचा दीर्घकाळ अभ्यास करायला याहून चांगली जागा देशात मोजकीच सापडेल. तूर्त मात्र कोणत्याही ऑटोइम्यून आजाराच्या नेहमीच्या निदानात मायक्रोआरएनएची चाचणी नाही, आणि केईएमच्या वॉर्डातला डॉक्टर आजही एएनए, कूंब्ज आणि लघवीतले प्रथिन पाहूनच उपचार ठरवतो.